उत्तरा फाल्गुनीजवळचा पल्सार आणि मधला प्लाझ्मा : प्रकल्प नोंदी

१२ नोव्हेंबर २०२५

एमएस्सी प्रबंधाचं लक्ष्य ठरलं: बी११३३+१६ हा पल्सार, म्हणजे गरगर फिरत ठरावीक काळाने रेडिओस्पंद पाठवणारा मृत तारा. गाईड मॅडमच्या मनात बी०८३४+०६ होता. त्याच्यावर आधीच भरपूर काम झालंय, अडलं तर विचारायला माणसं आहेत. मी मात्र याच्यासाठी हटून बसले. हा तेजस्वी आहे, खोडदला, आमच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या जवळजवळ डोक्यावरून जातो (याची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, +१६ अंश, खोडदचा अक्षांश १९), आणि मुख्य म्हणजे सुसाट पळतो. दृष्टिरेषेला आडवा वेग सेकंदाला साधारण ६६० किलोमीटर. पल्सार जितका जोरात पळतो, तितकी मधल्या प्लाझ्मामुळे (विद्युतभारित वायूमुळे) होणारी त्याची लुकलुक आपल्यासमोरून भराभर सरकते आणि दोन तासांच्या निरीक्षणातही हाती बरंच काही लागतं.

जागा सांगायची तर सिंह राशीत, उत्तरा फाल्गुनीच्या ताऱ्यापासून साडेतीन अंशांच्या आत. आवर्तनकाळ १.१८८ सेकंद. अंतर ३७० पार्सेक, म्हणजे सुमारे १,२०० प्रकाशवर्षं. डीएम ४.८४.

डीएमचं इथेच लिहून टाकते, कारण या नोंदी पुढच्या बॅचची मुलंही चाळणार आहेत. पल्सारपासून आपल्यापर्यंतच्या वाटेवर मुक्त इलेक्ट्रॉन किती, त्याची बेरीज म्हणजे डीएम. या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेच्या लहरी मागे पडतात, म्हणून एकच स्पंद ५०० मेगाहर्ट्झला आधी आणि ३०० ला नंतर पोचतो. आमच्या पल्सारसाठी हा फरक १४३ मिलिसेकंद येतो. आता ४.८४ ला ३७० ने भागा. घन सेंटिमीटरमागे सरासरी ०.०१३ इलेक्ट्रॉन, म्हणजे लिटरभर जागेत जेमतेम १३. व्हॉयेजर-१ यान २५ ऑगस्ट २०१२ ला सौरवाऱ्याची हद्द ओलांडून बाहेर पडलं आणि पुढच्या वर्षी त्याने तिथे घन सेंटिमीटरला ०.०८ ही घनता मोजली. आमच्या सरासरीच्या सहापट. मधली जागा एकसारखी भरलेली नाही, एवढं या दोन आकड्यांवरूनच कळतं. कुठे किती आणि कशी गोळा झालीय, ते सरासरीत बुडून जातं. ते लुकलुकण्यात असतं.

१८ नोव्हेंबर

प्रस्तावनेच्या प्रकरणासाठी वाचन. इतिहास दोन परिच्छेदांत संपवायचा असं मॅडमनी बजावलंय.

केंब्रिजजवळची १९६७ ची ती डायपोलांची दुर्बीण मुळात लुकलुक मोजायलाच उभारली होती. अँटनी हीविश यांना सौरवाऱ्यातून येताना रेडिओस्रोत कसे चमचमतात ते पाहायचं होतं. भराभर बदलणारा सिग्नल टिपायची सोय तिच्यात होती, म्हणूनच जोसलिन बेल यांच्या नोंदपट्टीवर पल्सार सापडला. सुरुवातीच्या चार पल्सारांत आमचाही होता, तेव्हाचं नाव सीपी ११३३. आणि १९६८ मध्येच पीटर शॉयर यांनी सांगितलं की या नव्या वस्तूंच्या तेजातले काही मिनिटांचे चढउतार त्यांचे स्वतःचे नाहीत, ते मधल्या प्लाझ्माचे आहेत. गणित आटोक्यात राहावं म्हणून त्यांनी वाटेतला सगळा प्लाझ्मा गोळा करून एकाच पातळ पडद्यावर ठेवला. हा पडदा लक्षात ठेवायचा आहे.

आपल्याकडचं काम उटीचं. उटीच्या ५३० मीटर लांब दुर्बिणीवर ३२७ मेगाहर्ट्झला १९९३ ते १९९५ या काळात रमेश भट, यशवंत गुप्ता आणि ए. प्रमेश राव यांनी १८ जवळच्या पल्सारांची लुकलुक पुन्हा पुन्हा मोजली. त्यातून सूर्याभोवतीच्या ‘लोकल बबल’चा, म्हणजे आपण ज्या विरळ, तप्त पोकळीत आहोत तिच्या कडेच्या दाट थराचा माग लागला. अठरा पल्सार, एकच वारंवारता, आणि कडेला जास्त विकिरण होतंय (लहरी वळून पसरतायत) हे त्यांनी काढून दाखवलं. आज दोनशे मेगाहर्ट्झ पट्टा हाताशी असून आम्ही एकाच पल्सारवर बसलोय, हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

३ डिसेंबर

आज दिवसभर नुसती आकडेमोड. निरीक्षणासाठी किती चॅनल, म्हणजे वारंवारतेचे किती बारीक कप्पे मागायचे, हा प्रश्न.

पडदा पल्सार आणि आपल्या बरोब्बर मधे, १८५ पार्सेकवर धरला. सरळ रेषेत आलेला किरण आणि पडद्यावर थोडा बाजूला जाऊन वळून आलेला किरण असे दोन घेतले. दुसऱ्याला एक मायक्रोसेकंद उशीर झाला, तर त्याची वाट ३०० मीटरने लांब. १,२०० प्रकाशवर्षांच्या प्रवासात ३०० मीटर. हा किरण सरळ रेषेपासून किती बाजूला गेला असेल? उत्तर सुमारे ४ कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतराच्या पावपटीहून थोडं जास्त. आकाशात या दोन प्रतिमांमधला कोन दीड मिलिआर्कसेकंद. एवढी बारीक फट जीएमआरटीच्या २५ किलोमीटर पसाऱ्यालाही दिसणार नाही. पण दोन किरण आपल्या अँटेनावर येऊन एकमेकांत मिसळतात, आणि त्यांच्या व्यतिकरणाचे (मिसळण्यातून उमटणारे उजेड-अंधाराचे) पट्टे आम्ही मोजू शकतो. एक मायक्रोसेकंद उशीर असेल तर वारंवारतेत दर एक मेगाहर्ट्झला एक पट्टा. इतकं सोपं.

दुसरी बाजू वेळेची. पल्सार पळतोय, पृथ्वी पळतेय, त्यामुळे दोन्ही वाटांच्या लांबीतला फरक सतत बदलतो आणि पट्टे सरकतात. मधला पडदा आणि ४०० मेगाहर्ट्झ धरून या जोडीचे पट्टे साधारण ६.४ मिलिहर्ट्झने सरकतील, म्हणजे अडीच मिनिटांपेक्षा थोड्या जास्त वेळात एक पट्टा पुढे.

तर मागणी अशी: दुर्बिणीच्या वारंवारतेच्या पट्टा ३ मध्ये ३०० ते ५०० मेगाहर्ट्झ, ८,१९२ चॅनल. एक चॅनल २४.४ किलोहर्ट्झचा, त्यामुळे २० मायक्रोसेकंदांपर्यंतचा उशीर पकडता येतो. वेळेत दहा सेकंदांची सरासरी, म्हणजे ५० मिलिहर्ट्झपर्यंत. तासाला ९० जीबी डेटा पडेल. दोन तासांचे १८० जीबी घड्या घालून (स्पंद एकावर एक रचून) शेवटी उरणार किती, तर २४ एमबीचं एक चित्र. हार्ड डिस्कचं बजेट मागताना हे शेवटचं वाक्य गाळणार आहे.

९ डिसेंबर

जुन्या सराव-डेटावर डेटा साफ करायची पाइपलाइन चालवून पाहिली. ३६० ते ३८० मेगाहर्ट्झचा पट्टा उपग्रहांच्या सिग्नलने भरलेला, तो सरळ कापून टाकला. वीजवाहिन्यांच्या ठिणग्यांनी उठणारा गोंगाट वेगळा, तो सगळ्या चॅनलांत एकदम येतो आणि पल्सारच्या स्पंदासारखा तिरका नसतो (अपस्करण, म्हणजे वारंवारतेप्रमाणे होणारा उशीर, नाही ना), म्हणून ओळखता येतो. उरलेलं हाताने. सिनेमात दाखवतात ते खगोलशास्त्र आणि हे खगोलशास्त्र यांची गाठ कधी पडत नाही.

१७ जानेवारी २०२६, खोडद

वेळ पहाटे ३:३० ते ५:४५. पल्सार साडेचारच्या सुमाराला मध्यमंडल ओलांडतो. काल दुपारी नारायणगावला उतरले, तिथून खोडद. आवारात शिरतानाच फोन बंद. द्राक्षबागांतून गाडी जाते आणि बागांच्या वर अचानक ४५ मीटर व्यासाची एक तबकडी उभी दिसते. तबकडी म्हणायचं खरं, पण तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. दोरांच्या सांगाड्यावर ताणून बसवलेली तारेची जाळी, गोविंद स्वरूप यांची युक्ती. मीटरभर लांबीच्या लहरींना ही जाळी भिंतीसारखीच, आणि वारा आरपार जातो म्हणून सांगाडा हलका, खर्च कमी. अशा तीस तबकड्या.

आम्हाला तिसांतल्या आतल्या चौकातल्या आणि भुजांवरच्या जवळच्या तेवढ्या हव्या होत्या. सगळ्यांचे सिग्नल एका तालात आणून बेरीज करायची, त्याला इथे ‘फेजिंग’ म्हणतात. त्यासाठी आधी आकाशात जवळ दिसणाऱ्या एका क्वेसारकडे (दूरच्या तेजस्वी दीर्घिकेच्या गाभ्याकडे) रोखायचं, प्रत्येक अँटेनाची कला (फेज) जुळवायची, मग पल्सारकडे वळायचं. आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) शांत असेल तर ही जुळणी तासभर टिकते. दूरच्या भुजांवरच्या अँटेना लवकर बिघडतात, म्हणून लोभ न धरता त्या सोडल्या. मधे एकदा पुन्हा जुळवावं लागलं, तेवढी दहा मिनिटांची फट डेटात राहिली. ती पुढे त्रास देणार हे माहीत होतं, पण कला सुटलेल्या डेटापेक्षा फट परवडली.

३:५२ ला पडद्यावर पहिले स्पंद दिसले. घडी न घालता, एकेक. बी११३३+१६ चा स्पंद दोन शिखरांचा असतो. कधी पहिलं शिखर उंच, कधी दुसरं, आणि मधेच दोन-तीन फेऱ्या काहीच नाही. हा पल्सार पंधरा टक्क्यांच्या आसपास वेळ गप्प बसतो, त्याच्या स्वभावातच आहे. ऑपरेटर काका म्हणाले, “मॅडम, बंद पडला बघा तुमचा.” पुढच्याच सेकंदाला आला. त्यांनी हे शंभरदा पाहिलेलं असणार, विद्यार्थ्यांची गंमत करायची म्हणून म्हणतात.

चारच्या सुमाराला ३३० मेगाहर्ट्झजवळचे चॅनल उजळले, वरचे फिके पडले. पाच-सात मिनिटांनी उलट. हे डोळ्यांसमोर घडताना बघणं वेगळंच. पल्सार तोच, त्याचा जोर तोच. आणि ३३० ला दिसतोय, ३४० ला जवळजवळ नाही. हौदाच्या तळावर उन्हाची जाळी हलत असते, त्या जाळीतून एखादी मुंगी चालली तर तिच्यावर ऊन-सावली, ऊन-सावली येत राहील; आपण ती मुंगी, आणि जाळीचा एकेक डोळा काही लाख किलोमीटर रुंद.

साडेपाचनंतर, उजाडायच्या आधीच, आयनोस्फिअर जागं झालं. शेवटची दहा मिनिटं कला ढळलेली दिसतेय. कापावी लागतील.

२० जानेवारी

डायनॅमिक स्पेक्ट्रम तयार झाला. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर वारंवारता, रंग म्हणजे तेज. आधी प्रत्येक दहा सेकंदांच्या रकान्याला त्याच्या सरासरीने भागलं, नाहीतर पल्सारचं गप्प बसणं प्लाझ्माच्या खात्यावर जमा होतं.

चित्र सुंदर आलंय. खाली ३०० मेगाहर्ट्झकडे बारीक ठिपके, वर ५०० कडे मोठे, पसरट डाग. सिद्धान्त सांगतो की डागाची वारंवारतेतली रुंदी वारंवारतेच्या ४.४ व्या घाताने वाढते. ३०० आणि ५०० यांच्यात ती साडेनऊपट व्हायला हवी. साध्या स्वसहसंबंधाने (चित्र स्वतःवरच सरकवून किती जुळतं ते पाहून) मोजलं तर वाढ त्याच्या आसपास आहे, पण वरच्या टोकाला दोन तासांत मावतात तेच मुळी थोडे डाग, त्यामुळे चूकमर्यादा मोठी. मॅडमचं म्हणणं, “हे आकडे प्रबंधात ठेव, पण त्यावर इमले बांधू नकोस.” मान्य.

डागांवर तिरप्या रेघोट्याही आहेत. सगळीकडे नाहीत. ३२० ते ३४० च्या दरम्यान सगळ्यात स्पष्ट, आणि दोन दिशांना झुकलेल्या, एकमेकींना छेदणाऱ्या. या चित्राची प्रिंट काढून टेबलासमोर लावली.

२४ जानेवारी

सेकंडरी स्पेक्ट्रम. डायनॅमिक स्पेक्ट्रमचं द्विमितीय फुरिए रूपांतर (चित्रात कुठल्या रेघोट्या किती दाट, ते काढणारं गणित) घ्यायचं आणि त्याच्या मापाचा वर्ग काढायचा, एवढंच. रेघोट्यांचा प्रत्येक संच इथे एक बिंदू होतो. आडवा अक्ष पट्ट्यांच्या सरकण्याचा, मिलिहर्ट्झमध्ये. उभा अक्ष उशिराचा, मायक्रोसेकंदांत.

कमान आली. खरं तर अन्वस्त. शाळेत y = ax² काढतो तोच.

हे का होतं ते लिहायला हवं. पडद्यावर एक किरण मधल्या रेषेपासून जितका दूर, तितका त्याचा पट्टा वेगाने सरकतो. सरकण्याचा वेग कोनाच्या सरळ प्रमाणात. उशीर मात्र कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून उशीर सरकण्याच्या वर्गाप्रमाणे, आणि सगळे बिंदू एका अन्वस्तावर. डॅन स्टाइनब्रिंग आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पोर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीच्या डेटात या कमानी दाखवल्या. तोवर तीस वर्षं लोक डागांची सरासरी लांबी-रुंदी मोजत होते; तोच डेटा रूपांतर करून पाहायचं एवढंच राहिलं होतं.

अडचण एक. अन्वस्ताची वक्रता तरंगलांबीच्या वर्गाप्रमाणे बदलते. ३०० पासून ५०० पर्यंतचा सगळा पट्टा एकत्र रूपांतरित केला तर हजार कमानी एकमेकींवर पडून सगळं फिसकटतं. दोन उपाय. पट्टा ३२-३२ मेगाहर्ट्झच्या तुकड्यांत कापायचा, किंवा डेटा समान वारंवारतेऐवजी समान तरंगलांबीच्या पायऱ्यांवर पुन्हा बसवायचा. दुसऱ्याने कमान धारदार होते. आधी दोन्ही करून ताडून पाहिलं, मग दुसरा ठेवला. त्या दहा मिनिटांच्या फटीमुळे कमानीच्या दोन्ही बाजूंना आडव्या सावल्या पडतात, पण त्या कुठे पडणार हे आधीच काढता येतं.

बाहेरची कमान ठळक. ४०० मेगाहर्ट्झला वक्रता ०.०२५ च्या आसपास (एकक सेकंदाचा घन), ३ डिसेंबरला मधला पडदा धरून काढलेल्या आकड्याच्या जवळ. त्यावर लगेच उड्या मारायचं कारण नाही. पडद्याची दिशा माहीत नसताना निराळं अंतर आणि निराळा वेग हीच वक्रता देऊ शकतात. तिच्या आत आणखी एक अरुंद कमान, धूसर. आणि मुळाशी काहीतरी आहे, त्याला तूर्त नाव देत नाही.

२ फेब्रुवारी

आज मॅडमशी तासभर वाद. वाद म्हणजे त्या खुर्चीत, मी फळ्याजवळ.

मी प्रस्तावनेत लिहिलं होतं की आंतरतारकीय प्लाझ्मा कोल्मोगोरोव्ह पद्धतीने खळबळलेला आहे. मोठा भोवरा फुटून लहान, लहान फुटून आणखी लहान, शेवटी उष्णता. आणि घनतेच्या चढउतारांचा वर्णपट ११/३ घाताचा. कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये साध्या द्रवासाठी मांडलेला हा हिशोब चुंबकीय प्लाझ्माला इतका बसतो, हेच मुळात आश्चर्य आहे. जॉन आर्मस्ट्राँग, बार्नी रिकेट आणि स्टीव्हन स्पँग्लर यांनी १९९५ मध्ये पल्सारची लुकलुक, डीएममधले बदल वगैरे सगळं एका आलेखात टाकलं. दहाहून जास्त दशपटींच्या विस्तारात बिंदू एकाच रेषेच्या आसपास पडतात. नंतर व्हॉयेजरने जागेवर जाऊन मोजलेले बारीक चढउतारही त्या रेषेपासून लांब गेले नाहीत. मी हे सगळं फळ्यावर लिहिलं.

मॅडम म्हणाल्या, “ठीक. आता तुझी कमान दाखव.”

दाखवली.

“वाटभर जर अशी खळबळ पसरली असेल, तर कमान एवढी धारदार का?”

इथे मी थांबले, कारण प्रश्न बरोबर आहे. पल्सारपासून पृथ्वीपर्यंत सगळीकडे भोवरे असते, तर प्रत्येक अंतरावरचा प्लाझ्मा आपापल्या वक्रतेची कमान काढणार. त्या सगळ्या मिळून अन्वस्ताचा आतला भाग धुक्याने भरून निघायला हवा. कड राहील, पण आत भरलेली. आमच्या चित्रात बाहेरची कमान रेघ आहे, आणि ती व आतली कमान यांच्या मधे काळोख आहे. म्हणजे विकिरण करणारा प्लाझ्मा एका जागी, पातळ थरात. मग पुढे दुसऱ्या जागी. मधला लांबच लांब पट्टा लुकलुकीच्या दृष्टीने रिकामा.

शिवाय बी०८३४+०६ वर २०१० मध्ये वॉल्टर ब्रिस्केन आणि सहकाऱ्यांनी खंडांपलीकडच्या दुर्बिणी जोडून विकिरित प्रतिमा प्रत्यक्ष मोजली तेव्हा ती गोल ठिपका नव्हती. लांबट, जवळजवळ एका रेषेत मांडलेल्या प्रतिमा. सगळ्या दिशांना सारख्या खळबळीतून अशी रेघ येत नाही.

शॉयर यांचा तो पडदा आठवा. गणिताच्या सोयीसाठी धरलेला. पन्नासएक वर्षांनी डेटा म्हणतोय की पडदे खरेच आहेत.

मग ते काय आहेत? इथे माझं मत, प्रबंधात कदाचित नरम करावं लागेल. लहरी एवढ्या वळवण्यासाठी लागणारी इलेक्ट्रॉनांची घनता गोळ्यासारख्या ढगात धरली, तर आतला दाब आजूबाजूच्या हजारपट होतो आणि असा ढग काही वर्षांत फुटून जायला हवा. क्वेसारांच्या बाबतीत ही अडचण १९८७ पासूनची आहे, राल्फ फीडलर आणि सहकाऱ्यांनी ०९५४+६५८ या क्वेसारच्या तेजात अचानक झालेली उलथापालथ छापली तेव्हापासून. उ-ली पेन आणि युरी लेव्हिन यांनी २०१४ मध्ये एक वाट दाखवली: ढग नकोत, चुरगळलेल्या पातळ चादरी घ्या, आणि त्या आपल्याला कडेवरून दिसतायत असं समजा. कडेवरून पाहिलं की थोडीशी जास्त घनताही दृष्टिरेषेवर साठते आणि दाबाचा प्रश्न मिटतो. चुंबकीय क्षेत्राच्या दिशा जिथे उलटतात तिथे अशा चादरी बनू शकतात. मला हे पटतं. प्रतिमा एका रेषेत का येतात, हेही त्यातून आपोआप निघतं. मार्क वॉकर यांच्या गटाने २०१७ मध्ये वेगळंच सुचवलं: तप्त ताऱ्यांभोवती प्लाझ्माच्या तंतूंचा झुबका असतो. त्यांनी दाखवलेल्या उदाहरणांत एक भराभर लुकलुकणारा क्वेसार अभिजितच्या जवळ आहे, दुसरा चित्राच्या. तारे मात्र आपल्या पंचांगातलेच निघाले.

खळबळ नाहीच, असं नाही. सरासरी काढली की ११/३ दिसतो आणि दिसणारच. पण सरासरी काढण्यापूर्वी चित्र काय सांगतंय ते पाहायला हवं. प्रस्तावनेतलं ते वाक्य काढलं. त्याच्या जागी अजून काही लिहिलेलं नाही.

१० फेब्रुवारी

पल्सार टायमिंगवाल्या (स्पंद नेमका कधी पोचतो ते मोजणाऱ्या) सीनियरशी कँटीनमध्ये गप्पा. त्यांचा गट जीएमआरटीच्या पट्टा ३ आणि ५ वर मिलिसेकंद पल्सारांचे (काही मिलिसेकंदांत एक फेरी घेणाऱ्यांचे) डीएम फार बारकाईने मोजतो, कारण नॅनोहर्ट्झ गुरुत्वीय लहरी शोधायच्या तर प्लाझ्माने केलेला उशीर आधी वजा व्हायला हवा. २०२३ च्या जूनमध्ये युरोपीय गटाबरोबर त्यांनी निकाल जाहीर केला होता. त्याला कमानी दाखवल्या. तो म्हणाला, “हे असं दोन मायक्रोसेकंदांचं शेपूट आमच्या पल्सारला असेल तर आमची वाट लागेल.” मग स्वतःच गप्प झाला आणि फोनवर काहीतरी टिपून घेतलं.

१६ फेब्रुवारी

दुसरं निरीक्षण काल पहाटे झालं. मी पुण्याहूनच बसले, तिकडे ऑपरेटर. एक वीजगोंगाट सोडला तर सुरळीत.

आता त्या मुळाशी असलेल्या ‘काहीतरी’बद्दल. जेम्स मॅकी आणि सहकाऱ्यांचा २०२२ चा निबंध पुन्हा काढला. अरेसिबोचे या एकाच पल्सारचे ३४ वर्षांचे डायनॅमिक स्पेक्ट्रम त्यांनी एकत्र केले. सहा वेगवेगळे पडदे ओळखले, आणि ते दशकानुदशकं टिकून आहेत. पाच पडद्यांबद्दल जागा, दिशा, वेग काढता आले. दूरच्यांचा संबंध ते लोकल बबलशी लावतात. सगळ्यात अचूक मोजलेला पडदा पृथ्वीपासून फक्त ५.४६ पार्सेकवर, म्हणजे १८ प्रकाशवर्षं. श्रवण नक्षत्राचा ठळक तारा १७ प्रकाशवर्षांवर आहे. इतक्या जवळ, आपल्या दारात, आणि कुठल्याच इतर दुर्बिणीला त्या जागी खास काही दिसत नाही.

अरेसिबो १ डिसेंबर २०२० ला कोसळली. ३४ वर्षांची ही मालिका तिथे थांबली. तितक्या संवेदनक्षम दुर्बिणी आज थोड्या आहेत, पण या पल्सारच्या तेजाला जीएमआरटी पुरते. मालिका पुढे न्यायला हवी, हा मुद्दा मॅडमनी स्वतःहून काढला.

दूरचे आणि जवळचे पडदे वेगळे ओळखायची युक्ती पृथ्वीच्या कक्षेत आहे. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटरने फिरते. पडदा मधोमध असेल तर पल्सारच्या निम्म्या वेगापुढे, ३३० पुढे, पृथ्वीचा वाटा फार तर १५. वर्षभरात वक्रता दहाएक टक्के हलेल. पडदा ५.५ पार्सेकवर असेल तर पल्सारचा वाटा अवघा १० किलोमीटर, आणि पृथ्वीचा जवळजवळ पूर्ण ३०. अशी कमान ऋतूप्रमाणे मिटते आणि उघडते. डिसेंबरच्या मध्याला पृथ्वी जवळपास या पल्सारच्याच दिशेने धावत असते, आडवा वेग अगदी थोडा. १७ जानेवारीला आडवा वेग १९ च्या आसपास. मार्चच्या मध्याला पुरा ३०.

जानेवारीच्या आणि कालच्या चित्रांत बाहेरची कमान एकमेकींवर ठेवली तर जुळते. आतलं ते धूसर मूळ यावेळी थोडं पसरलेलं वाटतं. ‘वाटतं’ हाच शब्द बरोबर आहे.

१५ मार्च

तिसरं निरीक्षण, मध्यरात्री. पल्सार साडेबाराला डोक्यावर. कला दीड तास टिकली, फट टाळता आली.

१९ मार्च

मुळाशी जे धूसर होतं, ती सगळ्यात आतली कमान उघडली आहे. आता तिला कमान म्हणता येतं. दोन्ही भुजा अर्ध्या मायक्रोसेकंदापर्यंत मागोवा घेण्याइतक्या वेगळ्या झाल्यात. उजवी भुजा ठळक, डावी फिकी. बाहेरची कमान चूकमर्यादेत तिथेच. तीन दिनांकांवर तीन वक्रता, आणि अज्ञात तीन: अंतर, दिशा, पडद्याचा स्वतःचा वेग. कागदावर समीकरणं सुटतात, पण सुटलेल्या उत्तरावर विश्वास ठेवण्याजोगं काही शिल्लक राहत नाही. कुठलंही अंतर घालून दिशा थोडी फिरवली की जुळतंच. मॅकींच्या पडद्याची दिशा उसनी घेतली तर अंतर जागेवर बसतं का, हे पाहता येईल, पण मग तो आमचा निकाल नाही, त्यांच्या निकालाची पडताळणी. एमएस्सीच्या प्रबंधाला पडताळणी चालते, असं मॅडमचं मत. माझंही आता झालंय.

२०२५ मध्ये डॅनिएल रिअर्डन यांच्या गटाने दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीवर जे०४३७−४७१५ या जवळच्या मिलिसेकंद पल्सारच्या २५ कमानी वेगळ्या काढल्या. काही पडदे लोकल बबलच्या आत, जिथे तप्त वायूशिवाय फारसं काही नसावं असं मानलं जात होतं. आणि काही खुद्द पल्सारने पुढे ढकललेल्या धक्क्याच्या लाटेत. पंचवीस! आमच्या दोन-अडीच कमानी पाहून कुणी नाक मुरडेल, पण त्यांच्यामागे सहा दिवसांचं निरीक्षण होतं. उटीच्या १९९८ च्या निबंधातली बबलची कड आणि हे आतले पडदे यांचं एकत्र चित्र कुणीतरी काढायला हवं.

२६ मार्च

पुढच्या हिवाळ्याच्या निरीक्षण-फेरीसाठी वेळेचा प्रस्ताव मॅडमबरोबर लिहायला घेतला. मागण्या: ऑक्टोबर ते मार्च, महिन्यातून एकदा, दोन तास, पट्टा ३. डिसेंबरच्या मध्यावर आठवडाभराच्या अंतराने दोनदा, कारण तेव्हा आडवा वेग सगळ्यात कमी असतो आणि जवळच्या पडद्याची कमान मिटून जायला हवी. मिटली नाही तर पडद्याचा स्वतःचा वेग थेट हाती लागतो. एप्रिल-मेमध्ये जादा वेळ मिळाला तर उत्तम. सप्टेंबर मागायचा नाही. तेव्हा सूर्य या पल्सारपासून बारा-तेरा अंशांवर येतो आणि सौरवाऱ्याची लुकलुक आमच्या लुकलुकीत मिसळते. पट्टा ४ मध्ये निदान एक रात्र, वक्रता तरंगलांबीच्या वर्गाप्रमाणे बदलते का ते स्वतंत्रपणे तपासायला.

समर्थनाच्या पानावर ‘खळबळ’ हा शब्द एकदाच आलाय. शीर्षकावरून अजून एकमत नाही. मॅडमना ‘पडदे’ हवेत, मला ‘चादरी’. शेवटी त्यांचंच होणार.